दहा ते अठरा : एका मौनाचा इतिहास

भारतीय दंडसंहिता १८६० साली तयार झाली, तेव्हा तिने मुलीच्या संमतीचे वय १० वर्षे मानले. १८९१ साली ते १२ झाले. १९२५ साली नवऱ्याच्या बाबतीत १३ आणि इतरांच्या बाबतीत १४. १९४९ साली अनुक्रमे १५ आणि १६. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मग ती मुलगी असो वा मुलगा, बालक आहे आणि तिच्याशी केलेले लैंगिक वर्तन हा गुन्हा आहे, असे निःसंदिग्धपणे सांगणारा कायदा यायला २०१२ साल उजाडले. दहापासून अठरापर्यंतच्या आठ पायऱ्या चढायला आपल्या कायद्याला दीडशे वर्षे लागली.

हा इतिहास कायद्याच्या ग्रंथांत व्यवस्थित नोंदलेला आहे. त्याच्या शेजारी आणखी एक इतिहास आहे आणि तो मात्र फारसा कोणी लिहिलेला नाही. आपल्यावर काय घडले हे सांगण्यासाठी मुलाजवळ शब्द कधी आले? ते ऐकून घेणारे मोठे माणूस कधी तयार झाले? कायद्याचा प्रश्न गुन्हा घडून गेल्यानंतर उभा राहतो. हे दोन प्रश्न तो घडण्यापूर्वीचे आहेत. प्रतिबंधाचा विचार करायचा तर इतिहासाकडे या बाजूने पाहावे लागेल, असे आम्हांला वाटते. भाषा शिकवण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना तर ही बाजू टाळताच येणार नाही.

आम्ही ज्या भागातून लिहीत आहोत तिथे अक्षराचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याच्या टोकाचे, तेलंगणाच्या सीमेवरचे गाव. लाल मिरचीच्या बाजारपेठेमुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. सीमा ओलांडली की बासरचे सरस्वतीचे देऊळ. वसंत पंचमीला आणि एरवीही दोन्ही राज्यांतली माणसे तिथे लेकरांना घेऊन जातात, पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात. मराठी, तेलुगू, उर्दू, गोरमाटी असा भाषांचा शेजार इथे आहे. एवढ्या भाषांत वाढणाऱ्या या लेकराला स्वतःच्या शरीराविषयी बोलायला यांपैकी एकाही भाषेत धड शब्द दिलेला नसतो. ही स्थिती कशी निर्माण झाली, हे पाहण्यासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

१

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, असे आवाहन त्यांनी केले होते. पुढे १८७४ साली त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा याच गृहात जन्मलेला. विधवांच्या प्रश्नाचा एक टप्पा म्हणून आपण ही घटना शिकवतो. पण त्या काळातल्या विधवांमध्ये कोवळ्या वयाच्या मुलींची संख्या मोठी होती आणि त्यांच्या असहायतेचा फायदा घेणारा पुरुष बहुधा घरातला किंवा घराशी संबंधित असे, हे लक्षात घेतले म्हणजे या गृहाचा आणखी एक अर्थ ध्यानात येतो. पीडितेला आधी जाब विचारायचा नाही, तिला आधी आसरा द्यायचा, असे इथे प्रत्यक्ष आचरणात आणले गेले. आजच्या मानसोपचाराच्या परिभाषेत ज्याला प्राथमिक आधार म्हणतात, त्याचे हे मराठी भूमीवरचे एक जुने उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा त्यांनी या आसऱ्याला शिक्षणाची जोड दिली.

दरम्यान १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरची आपली टिपणे प्रसिद्ध केली. जोतीरावांनी त्यांवर आपले मत लिहून कळवले. त्याच वर्षी रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार देत होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. १८८७ साली मात्र न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निर्णय दिला. तिने तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली तडजोड झाली, ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परतली आणि सुरत व राजकोट येथे तिने आयुष्यभर रुग्णसेवा केली. या प्रकरणातली आम्हांला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने आलेली पत्रे रखमाबाईंची होती. बालपणी आपल्यावर लादलेल्या गोष्टीविषयी एक स्त्री स्वतः, पहिल्या पुरुषात, जाहीरपणे बोलत होती. पण ती बोलू शकली ती वयाच्या विशीत, इंग्रजीत आणि नाव झाकून. तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी नसते तर एवढेही घडले असते की नाही, याची शंकाच आहे.

जिला बोलताच आले नाही अशा मुलीचा खटला १८९० साली कलकत्त्यात चालला. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिशी ओलांडलेल्या नवऱ्याच्या संभोगामुळे मरण पावली. तिचे वय दहाच्या वर असल्यामुळे कायद्यानुसार तो बलात्कार ठरत नव्हता. नवऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. या प्रकरणाने संमतिवयाच्या कायद्याला वेग आला आणि १९ मार्च १८९१ रोजी तो मंजूर झाला.

मराठी वाचकाला या वादाची एक बाजू चांगली परिचित आहे. ‘केसरी’तून टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, ‘सुधारका’तून आगरकर कायद्याच्या बाजूने लढले, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथांचे आधार काढून दाखवले. गर्भाधान केव्हा करावे, शास्त्र काय सांगते, सरकारचा अधिकार कुठवर, यांवर रकानेच्या रकाने भरले. सुधारणा कायद्याने न होता शिक्षणाने, समाजाच्या आतून व्हावी, असा टिळकपक्षाचा मुद्दा होता. तो तत्त्वतः चुकीचाही नव्हता. पण त्या शिक्षणात नेमके काय असावे, ते कोणाला द्यावे आणि कोणत्या शब्दांत द्यावे, याची चर्चा दोन्ही बाजूंनी जवळजवळ केली नाही. ज्या मुलीच्या देहावरून हा वाद पेटला तिचे म्हणणे काय, हे विचारण्याची पद्धतच नव्हती. कलकत्त्याच्या न्यायालयात फुलमणीच्या आईने साक्ष दिली आणि हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी आपल्या अनुभवातल्या लहान मुलींच्या दुखापतींची जंत्री सरकारला सादर केली. त्या सबंध वादात मुलीच्या वेदनेच्या सर्वांत जवळ पोचलेली कागदपत्रे हीच होत.

२

१८९१चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. नांदेड, लातूर, धर्माबाद हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वादात जे जिंकले गेले ते इथे आपोआप पोचले नाही. १९२९च्या शारदा कायद्याचेही तसेच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. भारतीय दंडसंहिता या भागाला लागू झाली ती १९५१ साली. म्हणजे संमतिवयाच्या बाबतीत पुण्याच्या मुलीला जे कायद्याचे कवच, कितीही तोकडे असो, साठ वर्षे मिळालेले होते, ते धर्माबादच्या मुलीला मिळायला प्रजासत्ताक यावे लागले.

कवचाप्रमाणे भाषाही उशिरा आली. संस्थानात शिक्षणाची व कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. मराठी मुलांचे उच्च शिक्षण मराठवाड्यात रुजायला १९५०चे दशक उजाडले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० सालचे. घरची भाषा शाळेत नाही आणि शाळेची भाषा घरात नाही, अशा परिस्थितीत कित्येक पिढ्या वाढल्या. शरीर, लाज, भीती यांविषयीचे बोलणे नेहमी घरच्या भाषेत होते. तिलाच शाळेत प्रवेश नसेल, तर अशा बोलण्याला वर्गात जागा मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

श्रद्धेच्या आड घडणाऱ्या शोषणाचाही इथे उल्लेख करायला हवा. खंडोबाला मुली वाहण्याची, त्यांना ‘मुरळी’ म्हणून सोडण्याची प्रथा महाराष्ट्रभर होती. खंडोबाच्या स्थानांपैकी एक माळेगाव, लोहा तालुक्यातले, आपल्याच नांदेड जिल्ह्यातले. विसाव्या शतकाच्या आरंभी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि २००५ साली महाराष्ट्राने देवदासी प्रथा निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा केला. दोन कायद्यांत ७१ वर्षांचे अंतर आहे. अजाण मुलीला देवाच्या नावाने वाहिले, म्हणजे तिच्या वतीने ‘नाही’ म्हणणारे कोणी उरत नाही. नवससायासाच्या भाषेत तिचे शोषण हे तिचे भाग्य ठरवले जाते. शब्द शोषणावर पांघरूण कसे घालतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

३

मुलांना आणि मोठ्यांना शरीराविषयी स्वच्छ मराठीत सांगावे, हा प्रयत्न एका प्राध्यापकानेच केला. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि ऑक्टोबर १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे २६ वर्षे, ते चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना २०० रुपये दंड झालाच.

त्या खटल्याच्या मुळाशी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि कर्व्यांनी दिलेली उत्तरे होती, ही गोष्ट विसरता कामा नये. लोकांना प्रश्न होते. ते पत्राने विचारण्याचे धैर्यही काहींना होते. उत्तर देणारा मात्र दंडाला पात्र ठरला. कर्व्यांचा मुख्य विषय प्रौढांचे कामजीवन हा होता. बालकांवरील अत्याचाराचा त्यांनी स्वतंत्र शास्त्र म्हणून विचार केला असे आम्ही म्हणणार नाही. पण लैंगिक बाबींसाठी शिवी आणि संस्कृत यांच्यामधली एक साधी, शास्त्रीय मराठी असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. ती मराठी शाळेपर्यंत पोचली असती, तर पुढचा इतिहास थोडा वेगळा झाला असता.

आज आपल्या भाषेत शरीराच्या या भागांसाठी जे शब्द आहेत त्यांचे तीन ढीग पडतात. एक शिव्यांचा, तो मुलाला रस्त्यावर आपसूक मिळतो. दुसरा पाठ्यपुस्तकातल्या तत्सम शब्दांचा; तो नववी-दहावीत परीक्षेपुरता येतो आणि बरेचदा ‘घरी वाचून या’ असे सांगून उरकला जातो. तिसरा ‘शूची जागा’ यांसारख्या बाळबोलीचा. तो चार-पाच वर्षांनंतर निरुपयोगी होतो. सहा ते बारा या वयातल्या मुलाला, म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज आहे त्याला, वापरता येईल असा शब्द या तिन्हींत नाही. त्याने तोंड उघडले तर शिवी दिल्याबद्दल मार बसण्याचा संभव. मग ते गप्प बसते.

मोठ्यांच्या भाषेची अवस्था याहून बरी नाही. ‘अब्रू लुटली’, ‘इज्जत गेली’, ‘अतिप्रसंग’, ‘विनयभंग’ हे आपले रूढ शब्द. यांतला प्रत्येक शब्द मुलाच्या शरीराला आणि मनाला झालेल्या इजेऐवजी कुटुंबाच्या प्रतिष्ठेला झालेल्या इजेविषयी बोलतो. अब्रू गेली असेल तर ती झाकणे हे घराचे कर्तव्य होते. इजा झाली असेल तर तिच्यावर उपचार करणे हे कर्तव्य होते. घर झाकायचे की उपचार करायचे, हे पुष्कळदा त्याने निवडलेल्या शब्दातच ठरून गेलेले असते. आणि मुलगा पीडित असेल तर त्याच्यासाठी यांपैकी एकही शब्द लागू पडत नाही.

४

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा धक्का विदर्भातून आला. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाल्याची तक्रार झाली. वैद्यकीय तपासणीत तिचे वय १४ ते १६ च्या दरम्यान असल्याचे म्हटले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना मुक्त केले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, यांतून संमतीचा अर्थ काढला गेला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्या पत्रातून देशव्यापी चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. ‘मथुरा खटला’ म्हणून हे प्रकरण ओळखले जाते. घाबरून गोठलेले मूल ओरडत नाही, ही मानसशास्त्राने पुढे वारंवार सांगितलेली गोष्ट न्यायालयाला तेव्हा ठाऊक नव्हती. मौनाला संमती समजले गेले.

मुलगे तर २०१२पर्यंत बलात्काराच्या व्याख्येत बसतच नव्हते. मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज आश्रयगृहांतल्या मुलग्यांच्या शोषणाचे प्रकरण २००१ साली उघडकीस आले. २००६ साली शिक्षा झाल्या, २००८ साली उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केल्या. दहा वर्षांत तक्रारदार मुलगे तरुण झाले होते. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून मुंबईत सुरू झालेली चाइल्डलाइन, १०९८, ही या काळातली खरी नवलाईची गोष्ट. मुलाने स्वतः फोन करावा आणि पलीकडे कोणीतरी ऐकावे, ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. २०२३पासून ही सेवा सरकारी यंत्रणेत सामावली गेली असून क्रमांक तोच आहे.

२००७ हे वर्ष या इतिहासात वेगळे काढून पाहावे असे आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. त्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते आणि बहुसंख्य मुलांनी घडलेली गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. त्याच वर्षी महाराष्ट्रात शाळांमधल्या किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमाला विधिमंडळात कडाडून विरोध झाला आणि तो थांबवला गेला. आक्षेप संस्कृतीच्या नावाने होता. एका हातात मुले बोलत नाहीत हे सांगणारा अहवाल आणि दुसऱ्या हातात बोलण्याचे शिक्षण बंद करणारा निर्णय, असे ते वर्ष होते.

५

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पोक्सो, लागू झाला. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, पोलिसाने गणवेश घालू नये, साक्ष देताना आरोपी समोर दिसू नये, मुलाला वारंवार न्यायालयात बोलावू नये: या तरतुदींमागे मुलाच्या मनाचा विचार आहे. ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्याने ती कळवलीच पाहिजे, असेही बंधन आहे. २०२०च्या नियमांनी तर मुलांसाठी वैयक्तिक सुरक्षेचा वयानुरूप अभ्यासक्रम तयार करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली. ऑक्टोबर २०१३मध्ये महाराष्ट्राने मनोधैर्य योजना आणली; तिच्यात अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनाचाही समावेश आहे. ‘अब्रू’ऐवजी ‘मनोधैर्य’ हा शब्द शासकीय कागदावर आला, याचे मोल भाषेच्या अभ्यासकाने कमी लेखू नये.

शब्दांची लढाई न्यायालयातही चालू राहिली. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नसेल तर त्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला होत नाही, असा अर्थ लावला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा मानला. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या लैंगिक चित्रणासाठी ‘पोर्नोग्राफी’ हा शब्द टाळून शोषण व अत्याचार दर्शवणारी संज्ञा वापरावी असे सांगितले आणि लैंगिक शिक्षणाची गरजही मांडली.

एवढे होऊनही ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूर घडले. बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. त्या चिमुकल्यांनी घरी आपल्या परीने सांगितले. त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यायला लागलेल्या विलंबाविरुद्ध २० ऑगस्टला लोक रेल्वेमार्गावर उतरले. दुसऱ्याच दिवशी शासनाने शाळांसाठी आदेश काढला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी, सखी सावित्री समिती. या गोष्टी हव्यातच. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत पोक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांमध्ये आरोपी ९० टक्क्यांहून अधिक वेळा ओळखीचाच आढळतो. घरात, शेजारी, नात्यात कॅमेरा लावता येत नाही. तिथे मुलाची समज आणि मोठ्यांचे कान एवढेच भांडवल असते.

६

ही समज शिकवता येते का? २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने शाळांतल्या अशा कार्यक्रमांवरच्या २४ चाचण्या एकत्र अभ्यासल्या. त्यांत ५,८०२ मुले होती. मुलांचे ज्ञान आणि स्वसंरक्षणाची कौशल्ये वाढतात, ती काही महिने टिकतात आणि मुलांमध्ये त्यामुळे भीती वाढलेली दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. अत्याचारांचे प्रमाण प्रत्यक्षात किती घटते हे मात्र या चाचण्यांवरून सिद्ध होत नाही. हा फरक प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे, कारण मुलाला शिकवले म्हणजे जबाबदारी मुलावर टाकून मोकळे झालो, असा समज घातक आहे. गुन्हा थांबवण्याची जबाबदारी मोठ्यांचीच.

काय शिकवायचे, यातही भाषेची काळजी घ्यावी लागते. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हा प्रयोग आता सर्वत्र रूढ झाला आहे. पण या क्षेत्रातले अनेक अभ्यासक ‘सुरक्षित स्पर्श, असुरक्षित स्पर्श’ असे म्हणणे पसंत करतात. कारण उघड आहे. अत्याचार करणारा बरेचदा लाड करतो, खाऊ देतो, दुखवत नाही. तो स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असे नाही. मग ‘मला वाईट वाटले नाही, म्हणजे मीही दोषी’ असा भ्रम त्याच्या मनात बसतो. शिवाय ‘वाईट’ हा शब्द मुलाला शिक्षेची आठवण करून देतो. ‘असुरक्षित’ म्हटले की दोष स्पर्श करणाऱ्याकडे जातो. त्याच्या जोडीला मुलाला तीन गोष्टी ठाऊक हव्यात: शरीराच्या सगळ्या भागांची न लाजता घ्यायची नावे, मोठ्या माणसालाही ‘नको’ म्हणता येते हे, आणि कोणी गुपित राखायला सांगितले तर ते कोणाला जाऊन सांगायचे त्या दोन-तीन माणसांची नावे. आज्ञाधारकपणा हा आपल्या संस्कारांतला मोठा गुण. मोठ्यांचे ऐकावे, उलट बोलू नये, असे शिकवताना या एका बाबतीतला अपवादही स्पष्टपणे शिकवावा लागेल.

आता ऐकणाऱ्याविषयी. १८९६ साली व्हिएन्नामध्ये फ्रॉइडने आपल्या रुग्णांच्या आजाराचे मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारांत असल्याचे मांडले आणि पुढच्याच वर्षी त्या मतावरचा विश्वास त्याने सोडून दिला. मानसशास्त्रालाही मुलांवर विश्वास ठेवायला बराच काळ लागला. १९८३ साली रोलंड समिट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने, मूल उशिरा का सांगते, अर्धवट का सांगते आणि सांगितलेले परत का घेते, याचे वर्णन केले. ते वाचले की घराघरांतल्या ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ या प्रश्नातली क्रूरता जाणवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांतही भर आहे तो धीराने ऐकण्यावर, दोष न देण्यावर आणि गरज असेल तिथे आघातावर केंद्रित उपचार देण्यावर. ‘बरं झालं सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही’ ही दोन वाक्ये आई, आजी, शिक्षक कोणीही बोलू शकते. त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. तज्ज्ञ त्याच्या पुढच्या टप्प्यावर लागतो, आणि तिथे आपली व्यवस्था फार तोकडी आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत समुपदेशक हे पद सहसा नसते. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. धर्माबादच्या पालकाने नांदेडला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. २०२२पासून टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे, तो गावोगाव पोचायला हवा. आमच्या भागाची म्हणून काही जोखीमही आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे लेकरांना सोबत नेतात किंवा नातेवाइकांकडे, हंगामी वसतिगृहांत ठेवून जातात. लातूर पॅटर्नच्या ओढीने शेकडो मुले लहान वयात घर सोडून खोल्यांत, वसतिगृहांत राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. राज्याची सरासरी २१.९ टक्के. ११ ऑक्टोबर २०१७च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कार ठरवला. म्हणजे १८९१चा प्रश्न मराठवाड्यात अजून संपलेला नाही. आणि तक्रार बंधनकारक असल्यामुळे अशी मुलगी दवाखान्यात जायलाच घाबरते, ही कायद्याची दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही.

या इतिहासातली प्रत्येक पायरी कोणा ना कोणा मुलाच्या यातनेनंतर चढली गेली: फुलमणीनंतर १८९१, देसाईगंजनंतर १९८३, बदलापूरनंतर सीसीटीव्ही. यातनेच्या आधी पोचेल अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे शिक्षण. आणि तीच आपण दरवेळी मागे ठेवली. कर्व्यांना दंड केला, २००७ साली कार्यक्रम थांबवला. आज नियम तिच्या बाजूने आहेत. उरले आहे ते काम कायदेपंडितांचे नाही, अध्यापकांचे आहे. अध्यापक विद्यालयांतल्या, बी.एड.च्या विद्यार्थ्यांना वर्गात उभे राहून न अडखळता हे शब्द उच्चारायला शिकवणे. मराठीबरोबर तेलुगू, उर्दू, गोरमाटी बोलणाऱ्या लेकरांसाठी त्या त्या भाषेतले साधे शब्द गोळा करणे. पालकसभेत मुलग्यांच्या पालकांशीही या विषयावर बोलणे. मराठीच्या प्राध्यापकांनी शब्दकोश पुष्कळ केले. पहिली-दुसरीच्या मुलाला उपयोगी पडेल अशी वीस-पंचवीस शब्दांची ही छोटी यादी अजून करायची राहिली आहे. ती करायला कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.